गिरणी गेली, मंडळं उरली

२०२५ च्या हंगामात देवगड हापूसच्या फळावर एक लहानसा स्टिकर आला. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने तो सक्तीचा केला. त्याचं कारण कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत बसतो आणि मुंबईच्या बाजारात देवगडच्या भावाने विकला जातो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळ हातात घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खरं-खोटं कळायचं कसं? त्यावर हा उपाय. स्टिकरवर एक सांकेतिक क्रमांक असतो, त्याचा काही भाग वर छापलेला आणि काही भाग स्टिकरच्या पोटात. गिऱ्हाइकाने फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, मग यंत्रणा आतला क्रमांक विचारते आणि दोन्ही जुळले तर आंबा खरा. स्टिकर काढायला गेलं की फाटतो, दुसऱ्या फळावर लावता येत नाही. बागायतदाराला किती स्टिकर द्यायचे, हे त्याच्याकडे कलमं किती यावरून ठरतं.

ही यंत्रणा मुंबईच्या एका कंपनीने तयार केली आणि चांगलीच केली. पण त्या व्यवस्थेचा कणा असलेली माहिती, म्हणजे एका कलमाला साधारण किती फळ धरतं, मोहोर कुठल्या साली जळतो, तुडतुडा पडला की उत्पन्न कितीने घटतं, ती देवगड-जामसंड्याच्या घराघरात आहे. ही माहिती आणि ती संगणकाला समजावून देण्याची विद्या, दोन्ही एकाच माणसाच्या हाती असाव्यात आणि तो माणूस इथला असावा, असं मला मनापासून वाटतं.

समुद्रावरही संगणक असाच पोचला आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना कळवते. कुठल्या बंदरापासून, कुठल्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोल पाण्यात, हे सगळं त्यात असतं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. मोबाइलची रेंज संपते तिथेही त्यावरून निरोप देता-घेता येतो. जानेवारी २०२५ पासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग ड्रोनने किनाऱ्यावर नजर ठेवतो आहे. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने इथला किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकर आणि छोटा होडीवाला किती वर्षं पोळला आहे, हे मालवणात कुणाला सांगायला नको. आता ड्रोनने काढलेल्या चित्रातली पारंपरिक होडी कुठली आणि चोरून आलेली पर्ससीन नौका कुठली, हे आपोआप ओळखणारा प्रोग्रॅम कुणीतरी लिहीलच. लिहिणाऱ्याने दोन्ही नौका नीट पाहिलेल्या असल्या तर तो बरा उतरेल. दांडीच्या, देवबागच्या, तारकर्लीच्या पोरांनी त्या पाळण्यात असल्यापासून पाहिल्या आहेत.

२०२५ मध्येच ‘मार्व्हल’ या सरकारी कंपनीच्या मदतीने सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला. म्हणजे हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसपर्यंत येऊन पोचलं आहे.

आणि मुलं हुशार आहेत, याबद्दल वाद नको. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं आहे. २०२४ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता, कोकणचा ९९.०१. बारावीचा राज्याचा ९३.३७, कोकणचा ९७.५१. दरवर्षी मे-जूनमध्ये पेपरात ‘कोकणच अव्वल’ हा मथळा येतो आणि आपल्याला बरं वाटतं.

पुढचं मात्र कुणी छापत नाही. इंजिनिअरिंगचा प्रवेश बोर्डाच्या टक्क्यांवर होत नाही, एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. बोर्डाचे मार्क फक्त पात्रतेपुरते. सीईटीत अकरावीचा वीस टक्के भाग, बारावीचा ऐंशी टक्के, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, आणि गणिताची पातळी बोर्डापेक्षा बरीच वरची. वेळ लावून, ठरावीक वेगाने प्रश्न सोडवण्याचा सराव लागतो. पुण्या-मुंबईचा मुलगा अकरावीपासून त्यासाठी क्लासला जातो. वैभववाडी नाहीतर दोडामार्ग तालुक्यातल्या मुलाला सीईटीचं नाव बारावीची परीक्षा तोंडावर आल्यावर कानावर पडतं. बोर्डात नव्वद टक्के मिळवलेली मुलगी सीईटीत मागे पडते आणि ‘आपल्याला ते झेपत नाही’ अशी मनाची समजूत घालून घेते. झेपण्याचा प्रश्नच नसतो. तिला वेळेवर कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

हे ‘वेळेवर सांगणारं माणूस’ प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा मागे जातो.

मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं भरलेली होती, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्ग धरलेला होता. ही माणसं तिथे कशी पोचली? लालबाग, परळ, नायगाव, शिवडीच्या चाळींत गावाच्या नावाने खोल्या होत्या. एकेका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. गावातला पोरगा मिशी फुटायच्या वयाचा झाला की बोटीने नाहीतर एसटीने या खोलीवर यायचा. काका, मामा, वाडीतला कुणीतरी त्याला गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरकडे घेऊन जायचा. आधी बदली कामगार, मग कायम. त्या पोराने अर्ज केला नाही, जाहिरात वाचली नाही. त्याला माणसाने माणसाकडे नेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांची ती वाट कायमची बंद झाली. मनीऑर्डरी आटल्या. पण खोल्या चालवणारी, देवळाचा सभामंडप बांधणारी, शाळेला पत्रे देणारी ग्रामस्थ मंडळं राहिली. आजही आहेत.

योगायोग बघा. सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला १ मे १९८१ ला. दोन महिन्यांनी, जुलै १९८१ मध्ये, पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस काढली. नंतर कंपनी बंगळूरला गेली, पण पुणे वाढतच राहिलं. १९९० मध्ये तिथेच पर्सिस्टंट उभी राहिली, मग हिंजवडी आली. ज्या वर्षांत कोकणच्या माणसाची गिरणी बंद पडत होती, त्याच वर्षांत घाटावर दुसरी गिरणी उभी राहत होती. तिच्या दारात मात्र आपला जॉबर नव्हता. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली, पण रेल्वेने नेलेली पोरं बहुतेक सुरक्षारक्षक, हॉटेल, कुरिअर, दुकानं यांत पांगली. बांदा-सावंतवाडीकडची गोव्याच्या औषध कंपन्यांत आणि आता मोपा विमानतळावर जातात. कुठलंच काम हलकं नाही. पण डोकं चालवणाऱ्या मुलाला दुसरं दार आहे हे दिसलं नाही, तर ते नुकसान त्याचं एकट्याचं नसतं. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार ६५१. राज्य वाढत असताना आपण घटलो.

गावात विचारलं, झिल काय करता, तर आई अभिमानाने सांगते, “कम्प्युटर शिकता.” विचारलं, कम्प्युटरात काय, तर उत्तर येतं एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग. एमकेसीएलने २००२ च्या सुमारास एमएस-सीआयटी गावोगाव नेला, हे मोठंच काम झालं. माऊसला हात लावायला घाबरणाऱ्या लाखो माणसांची भीती त्याने घालवली. पण ते संगणक वापरण्याचं शिक्षण आहे. करिअर होतं ते संगणकाकडून नवं काम करून घेण्यात, आणि आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. सरकारी भरतीला प्रमाणपत्र लागतं म्हणून कोर्स, कोर्स झाला की फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्र, आणि मग भरतीची वाट बघत चार वर्षं. बारावीला ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषय कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखांत घेता येतो. पुस्तकात एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट आहे, पीएचपी आहे. एवढ्यावर एखाद्या न्याहारी-निवास योजनेतल्या घराची वेबसाइट बनते. पण मुलं तो विषय का घेतात? मार्क मिळतात म्हणून. परीक्षा ऑनलाइन होते, पैकीच्या पैकी पडतात, आणि शिकलेलं तिथेच राहतं.

मग शिकायचं कसं? एक उदाहरण देतो, ते मालवणातलंच घेतो. रापणीची वाटणी. रापण ओढली, मासळी विकली, पैसे आले. आधी खर्च वजा. मग वाटे पडतात. माणसाचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. आज कोण आला, कोण नाही आला, कुणाचं जाळं होतं आणि कोण नुसता ओढायला होता, हे सगळं वहीत लिहिलेलं असतं. दहावीतल्या मुलाला सांगावं, हे नियम एकाखाली एक लिही. असं असेल तर हे, नाहीतर ते. पायथन नावाच्या संगणकभाषेत हा प्रोग्रॅम तीस-चाळीस ओळींत बसतो, आणि लॅपटॉप नसला तर मोबाइलवरही लिहिता येतो. पहिल्यांदा तो चुकेल. एकाच माणसाला दोनदा वाटा जाईल, नाहीतर बेरीज जुळणार नाही. मग मुलगा शोधत बसेल की घोळ कुठे झाला. सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस दिवसातले कितीतरी तास हेच करतो. शेवटी जमलं की वडिलांना दाखवावं. ते दोन मिनिटांत सांगतील, “रे, फाटक्या जाळ्याचो वाटो असो नाय धरूचो.” नियम त्यांना पाठ आहेत. मुलाने प्रोग्रॅम सुधारायचा. या एका खटाटोपात तो जे शिकतो ते कुठल्याही प्रमाणपत्रात मिळत नाही, आणि उद्या मुलाखतीत ‘तू काय बनवलंस’ असं विचारलं तर सांगायला त्याच्याकडे स्वतःची गोष्ट असते.

आता वाटांबद्दल, आणि इथे मी थोडा हट्टाने बोलणार आहे.

पहिली गोष्ट, अकरावीला गणित सोडू नका. ‘गणित जड जातं, बायोलॉजी ठेवू, नर्सिंगला जाऊ’ हा हिशेब घराघरात होतो. नर्सिंग मनापासून करायचं असेल तर जरूर करावं, पण गणिताच्या भीतीने नको. गणित सोडलं की इंजिनिअरिंग बंद, आणि मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीलाही बारावीचं गणित लागतं. वाणिज्यवाल्याने गणित ठेवलं तर त्यालाही ते दार उघडं राहतं. बीसीएसाठी २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आली आहे, तिची तारीख चुकवणारी मुलं वर्ष गमावतात. दहावीनंतर डिप्लोमा हा मार्ग मला आपल्या भागासाठी फार चांगला वाटतो. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, फी बेताची असते, आणि डिप्लोमा नीट केला की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. पदवी महाविद्यालयं कणकवलीला आहेत, सावंतवाडीला आहेत, शेजारी रत्नागिरीत आहेत.

दुसरी वाट फार थोड्यांना माहीत आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी जाहीर केली. तिला जेईई लागत नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास, त्यावर पात्रता परीक्षा, ती पार केली की प्रवेश. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, म्हणून तिला किंमत आहे. मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा घेऊन थांबताही येतं, आणि सामाजिक गट व उत्पन्न पाहून फीत मोठी सवलत मिळते. अभ्यास कठीण आहे, निम्म्यात सोडणारे खूप आहेत, हेही सांगितलं पाहिजे. पण मालवणच्या महाविद्यालयात बीकॉम करता करता हे करता येतं. आणि फुकट शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीत आहेत. लिनक्स, सी, पायथन, सगळं मराठीत ऐकून, थांबवून, करून बघता येतं. इंग्रजीची भीती वाटणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. इंग्रजी पुढे लागेलच, पण ती वाचायची इंग्रजी असते, फाडफाड बोलायची नव्हे, आणि ती सवयीने येते.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, आणि बोर्डात मुली वर्षानुवर्षं पुढे असतात. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. म्हणजे ‘मुलीच्या इंजिनिअरिंगवर एवढा खर्च कशाला’ हे वाक्य आता पुष्कळ घरांत खोटं ठरतं. तरी बाप म्हणतो, आयटी बरं, लग्नानंतर घरून काम करता येईल. मुलगी शिकते आहे म्हणून मी या वाक्यावर भांडत नाही, पण ते कारण चुकीचं आहे. तिला तो विषय जमतो, तिला त्यात पैसा आणि मान मिळेल, हे कारण पुरेसं आहे. तिला पुण्याला पाठवा, चांगल्या टीममध्ये चार वर्षं काम करू द्या. घरून काम ही सोय तिची ती ठरवील.

घरून कामाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावरच्या झोपडीत बसून ऑनलाइन वर्ग केले. भर पावसात. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं आणि तिची जिद्द खरोखर मोठी होती. पण ज्या जिल्ह्यात शिकण्यासाठी मुलीला डोंगर चढावा लागतो, तिथे त्या बातमीने यंत्रणेला लाज वाटायला हवी होती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आलं आणि दिवसच्या दिवस वीज नाही, टॉवर नाही. शहरातून गावी येऊन काम करणाऱ्या कित्येकांना तेव्हा सामान आवरावं लागलं असेल. याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. विमानतळ हवाच, पण मला विचाराल तर पावसाळ्यात न जाणारी वीज आणि गावागावातली फायबर ही तितकीच मोठी मागणी आहे, आणि ती निवडणुकीच्या सभेत कुणी करत नाही.

खेड्यात कंपनी येत नाही, हे मला मान्य नाही. तमिळनाडूत तेनकासीच्या खेड्यात झोहो कंपनीने २०११ मध्ये कार्यालय थाटलं. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, भाताच्या शेतांत. तिचे सहसंस्थापक श्रीधर वेंबू पुढे तिथेच राहायला गेले. त्याआधी २००५ पासून कंपनी बारावी आणि डिप्लोमा झालेली मुलं निवडून, फी न घेता, उलट विद्यावेतन देऊन शिकवते आणि कामावर घेते. कुडाळ, सावंतवाडी त्या गावापेक्षा कशात कमी आहेत? रेल्वे दाराशी, गोव्याचे दोन विमानतळ हाकेवर. कमी आहे ती शिकलेल्या तरुणांची ठोक संख्या. दहा मुलांसाठी कुणी येत नाही, पाचशे असली तर येतो.

पण आज या क्षेत्रात यावं का, हा प्रश्न पालक विचारतात आणि त्यांची धास्ती खरी आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांत नव्या माणसाचा पगार दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता साधा कोड स्वतः लिहू लागली आहे, आणि जे काम नव्या मुलांना शिकता शिकता मिळायचं, तेच पहिलं जातं आहे. हे लपवून मुलांना या वाटेवर ढकलणं पाप आहे. तरी देशात सुमारे ५८ लाख माणसं या उद्योगात आहेत, आणि बँक, रुग्णालय, बंदर, शेती, सरकार यांपैकी कुणीही संगणक बंद करणार नाही. पाठ केलेला कोड लिहिणाऱ्याची गरज घटेल. एखादा धंदा आतून समजून, त्यात नेमकं काय करायला हवं ते यंत्राला सांगणाऱ्याची गरज वाढेल. म्हणून आंब्याची, मासळीची, काजूची, पर्यटकांची खडान्खडा माहिती असलेल्या पोराला मी आज जास्त आत्मविश्वासाने सांगतो, ये.

त्याला आणायचं काम सरकारवर सोडून चालणार नाही. ते मंडळांचं आहे.

तुमच्या गावच्या मंडळात आज चार-पाच तरी माणसं हिंजवडी, ऐरोली, बंगळूर, नाहीतर परदेशात संगणकाच्या नोकरीत असतील. गणपतीला, मे महिन्यात ती गावी येतात. आरती करतात, गजाली मारतात, माशाचं कालवण जेवतात आणि परत जातात. वाडीतल्या बारावीच्या मुलीला माहीतही नसतं की हा दादा दिवसभर नेमकं काय करतो. पूर्वी खोलीवर आलेल्या पोराला जॉबरकडे नेणारा काका होता, ते काम आता या दादा-ताईंनी करायचं आहे. वार्षिक सभेत सत्यनारायणाच्या आणि सभामंडपाच्या विषयांसोबत हा एक विषय घ्या. गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलांची यादी करा. प्रत्येक मुलामागे मंडळातला एक माणूस लावा. त्याने महिन्यातून एकदा फोन करायचा आणि सीईटीच्या तारखा, शिष्यवृत्तीचे कागद, कॉलेजचा पसंतीक्रम बघायचा. मंडळाकडे पैसे असतील तर दोन जुने पण चालते लॅपटॉप आणि इंटरनेटचं कनेक्शन शाळेत नाहीतर वाचनालयात द्या, किल्ली मुलांकडेच ठेवा.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतः या क्षेत्रात असाल, तर सभेची वाट पाहू नका. सीईटीचे अर्ज नव्या वर्षाच्या सुरुवातीला भरावे लागतात आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते. दिवाळीच्या सुटीत गावी आलात, तर जायच्या आधी एका संध्याकाळी वाडीतल्या मुलांना पडवीत बोलवा, लॅपटॉप उघडा, आणि तुम्ही काय काम करता ते त्यांना दाखवा.